दोन कार्डांचा जमाना

लॅमिंग्टन रोडवर गेमिंग पीसी असेंबल करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ‘दोन ग्राफिक्स कार्डं टाकली तर दुप्पट चालेल ना?’ हा प्रश्न अजूनही येतो. एके काळी त्याचं उत्तर ‘हो’ असं होतं, म्हणून मी तो कधी उडवून लावत नाही.

तो काळ १९९८चा. कॅलिफोर्नियातल्या थ्रीडीएफएक्स कंपनीने वूडू टू आणलं. हे कार्ड फक्त थ्रीडीचं काम करायचं; विंडोजचा साधा पडदा दाखवायला दुसरं कार्ड लागायचंच. त्या कार्डातून निघालेली केबल वूडूत शिरायची आणि तिथून मॉनिटरला जायची. म्हणजे दोन वूडू घ्यायची तर तीन स्लॉट अडले. दोन्ही वूडूंना आतून एक चपटी पट्टी जोडायची, दिसायला थेट फ्लॉपी ड्राइव्हच्या केबलसारखी. मग एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी काढणार, दुसरं विषम. एकट्या कार्डाची धाव ८०० बाय ६००पर्यंत. जोडीने १०२४ बाय ७६८ गाठता यायचं. ‘क्वेक टू’ त्या रिझोल्यूशनला सरसर पळताना बघणं हा त्या वेळी खरोखर सोहळा होता. टेक्श्चरची मेमरी मात्र दुप्पट होत नसे, कारण तीच टेक्श्चर दोन्ही कार्डांत भरावी लागत.

या वाटणीतली खरी हुशारी अशी की दोन्ही कार्डं एकाच वेळी एकाच फ्रेमवर राबत. फ्रेम लवकर तयार होई, आणि माउस हलवल्याचा परिणाम लवकर दिसे. दोन कार्डांचे पैसे गेमरला पुरेपूर वसूल झाले ते इथेच, असं माझं ठाम मत आहे. तरीही पुढच्याच वर्षी वूडू थ्री आलं आणि जोडीचं काम बरंचसं एकट्याने करू लागलं.

२०००च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने विकत घेतलं. वूडूंच्या त्या जोडणीला एसएलआय म्हणत; २००४मध्ये एनव्हिडियाने तेच नाव पुन्हा बाजारात आणलं. पुढच्या वर्षी एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीची क्रॉसफायर ही तशीच जोडणी आली. त्या वेळच्या काही मदरबोर्डांवर दोन लांब स्लॉटांच्या मधे बोटभर आकाराची एक पट्टी असे. एकच कार्ड असेल तर ती एका बाजूने खोचायची, दोन असतील तर उलटी करून. गिऱ्हाईक घरी जाऊन दुसरं कार्ड बसवी, पण पट्टी उलटवायचं राहून जाई, आणि मग आमचा फोन वाजे.

वाटणीची पद्धत मात्र बदलली होती. आता बहुतेक गेममध्ये पहिली फ्रेम एका कार्डाची, दुसरी दुसऱ्याची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला सरासरी साधारण १७ मिलिसेकंद. पण एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी आणि पुढची २८ने आली, तरी काउंटर ६०च्या आसपासच दाखवणार. डोळ्याला मात्र हिसका जाणवणार. कित्येकांना वाटे आपला मॉनिटरच बिघडला. २०१३च्या सुमाराला परीक्षकांनी प्रत्येक फ्रेम वेगळी मोजून हे उघड केलं, तेव्हा कुठे कंपन्यांनी ड्रायव्हर सुधारले.

तोवर गेमच बदलत चालले होते. कडा गुळगुळीत करायला नवे गेम मागच्या फ्रेमचा आधार घेऊ लागले, आणि ती फ्रेम नेमकी शेजारच्या कार्डात! ती इकडे आणण्यात वाचवलेला वेळ जायचा. वर प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी तजवीज लागे. ती नसली की दुसरं कार्ड नुसतं बसून राही. खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड ओढून घेई ते वेगळंच. २०२१पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी अशी तजवीज करणं थांबवलं. २०२२च्या आरटीएक्स ४०९०वर तर जोडणीची खाचच नाही.

म्हणून आज गेमिंगसाठी कोणी दोन कार्डं मागितली, तर मी त्याच पैशांत एकच मोठं कार्ड आणि चांगला एसएमपीएस घ्यायला लावतो. ब्लेंडरवर रेंडरिंग करणाऱ्यांचं तसं नाही. तिथे फ्रेम कधी पडद्यावर येते याची घाई नसते. दोन्ही कार्डं एकाच चित्राचं काम वाटून घेतात आणि वेळ खरोखरच खूप वाचतो. त्यांच्या कॅबिनेटमध्ये मी दुसरं कार्ड आजही बसवतो, मधे हवेला दोन स्लॉटांची जागा मोकळी ठेवून.