एत्तिपोता धबधबा आणि चिंचोळीचे जंगल

दरवर्षी श्रावण आला की आपल्या घरांत उदगीर, निलंगा, लातूरकडचे पाहुणे येतात आणि किल्ला, चौबारा, झरणी नरसिंह, माणिकनगर पाहून झाले की विचारतात, "आता कुठे?" त्यावर अलीकडे बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते : चिंचोळीचा धबधबा. मात्र तिथे कसे जायचे, केव्हा जायचे आणि पाण्याजवळ कसे वागायचे याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. म्हणून सभासदांच्या सोयीसाठी ही सविस्तर नोंद येथे देत आहोत. वाचून झाल्यावर एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे : हा धबधबा कालच्या पावसावर जगतो. त्याचे सौंदर्य आणि त्याचा धोका, दोन्ही तिथूनच येतात.

ठिकाण आणि नाव

एत्तिपोता धबधबा कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यात, तेलंगणाच्या सरहद्दीजवळच्या जंगलात आहे. नाव तेलुगू आहे. 'एत्ति' म्हणजे उचलून आणि 'पोत' म्हणजे ओतणे. पाणी उचलून खाली ओतावे तसे पडते, म्हणून हे नाव.

याच नावाचा एक मोठा आणि जास्त प्रसिद्ध धबधबा आंध्र प्रदेशात नागार्जुनसागरजवळ आहे. मोबाइलच्या नकाशात नुसते नाव टाकले तर तो पुष्कळदा तिकडचा रस्ता दाखवतो. नावापुढे 'चिंचोळी' टाकावे, किंवा सरळ चिंचोळी गावात पोहोचून पुढचा रस्ता विचारून घ्यावा.

बिदरहून मन्नाएखेळीमार्गे चिंचोळीला जाता येते. कलबुर्गीकडून येणाऱ्यांना अंतर थोडे जास्त पडते. तेलंगणातल्या जहीराबादकडूनही लोक येतात. मुख्य रस्ता सोडल्यावर वाट अरुंद होते. शेवटचा भाग पायीच जायचा असे धरून निघावे.

कर्नाटकातल्या जोग (253 मीटर) किंवा गोकाकच्या (52 मीटर) धबधब्याशी याची तुलना करू नये. हा लहान ओढ्याचा धबधबा आहे. पण आपल्या कोरड्या माळरानाची सवय झालेल्या डोळ्यांना जंगलात पडणारे पाणी पाहण्यात जो आनंद होतो, तो उंचीवर मोजता येत नाही.

हे पाणी येते कुठून

आपला बिदर-हुमनाबादचा माळ म्हणजे खाली काळा पाषाण आणि वर लाल जांभा खडक. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या घट्ट थरावर अडून कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. झरणी नरसिंहाच्या गुहेतले छातीएवढे पाणी, पापनाशचे तळे, नानक झिरा गुरुद्वारातला झरा आणि नौबादचा बहामनी काळातला करेज, ही सगळी या एकाच रचनेची लेकरे.

माळ दक्षिणेकडे उतरतो. हुमनाबाद समुद्रसपाटीपासून 630 मीटरच्या आसपास, तर चिंचोळी 460 मीटरच्या आसपास आहे. या उतारावर ओढ्यांनी घळी कोरल्या आहेत आणि जिथे खडकाची पायरी लागते तिथे पाणी कोसळते.

आणखी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपला माळ दोन मोठ्या नद्यांचा दुभाजक आहे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते, आपल्या भागातून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. भालकी तालुक्यात धरण असलेली कारंजाही मांजरेलाच मिळते. म्हणजे माळाचे उत्तरेकडचे पाणी गोदावरीचे. दक्षिणेकडे मात्र मुल्लामारी नदी बिदर जिल्ह्यातून निघून चिंचोळीकडे जाते, पुढे कागिण्याला मिळते, कागिणा भीमेला आणि भीमा कृष्णेला. चिंचोळीच्या जंगलातला सरनाळा ओढाही मुल्लामारीचाच. एकाच सरीचे अर्धे पाणी नांदेडच्या दिशेच्या गोदावरीचे आणि अर्धे पंढरपूरहून आलेल्या भीमेचे, असे आपल्या भागात घडते.

जंगलाची ओळख

या जंगलाला 28 नोव्हेंबर 2011 रोजी वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे 135 चौरस किलोमीटर. कमी पावसाच्या कोरड्या प्रदेशातले दक्षिण भारतातले हे पहिले अभयारण्य मानले जाते. जुने लोक याच पट्ट्याला कुंचावरमचे जंगल म्हणतात.

आतल्या भागात पानगळीचे जंगल आहे, कडेने साग आणि बाभळीच्या जातीच्या झाडांची लागवड. रक्तचंदन आणि चंदन येथे चांगले वाढते, औषधी वनस्पतीही पुष्कळ आहेत. प्राण्यांमध्ये काळवीट, चौशिंगा, लांडगा, तरस आणि खोकड यांची नोंद आहे. पक्ष्यांमध्ये कोतवाल, कापशी घार, काळ्या डोक्याचा हळद्या, तोई पोपट, तित्तर सहज दिसू शकतात. आपल्या शेतात तुरीवर बसणारा कोतवाल इथेही भेटला की मुलांना जंगल परके वाटत नाही.

जंगलाच्या मध्यभागी चंद्रमपल्लीचे धरण आहे. सरनाळ्यावर बांधलेल्या या जलाशयाच्या परिसरात वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे. मुक्काम करायचा असेल तर आधी चौकशी करून नोंदणी करावी. जवळच गोट्टमगोट्टा येथे बक्कप्रभूंचे देवस्थान आहे. माणिकप्रभूंची परंपरा मानणाऱ्या आपल्यातल्या अनेक कुटुंबांना माणिकनगर आणि गोट्टमगोट्टा असा एकाच दिवसाचा प्रवास सोयीचा वाटतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आपण म्हैसूर राज्यात राहिलो. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगलही आंध्रात गेले. चिंचोळीचे जंगल त्या रेषेला टेकून उभे आहे. त्यामुळे धबधब्यावर एका बाजूला तेलुगू, एका बाजूला कन्नड, मधून दख्खनी आणि आपली मराठी अशा चारही बोली कानावर पडतात. आपल्या पाहुण्यांना याचे नवल वाटते, आपल्याला वाटत नाही.

केव्हा जावे

जुलैचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा चांगला काळ. त्यातही आदल्या दोन-चार दिवसांत भागात पाऊस झालेला असावा आणि निघण्याच्या दिवशी उघडीप असावी. आठ-दहा दिवस कोरडे गेले तर धार बारीक होते. परतीचा पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरातही पाणी राहते.

येळवसेच्या सुमारास, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, भज्जी, आंबील आणि उंडे घेऊन तिकडेच जाऊ असा विचार कोणी करत असेल तर आधीच सांगतो : तेव्हा धबधबा बहुधा नसतो, ओला खडक असतो. मात्र थंडीचे ते दिवस पक्षी आणि प्राणी पाहायला चांगले. पाने गळलेली असतात, पाणवठे मोजके उरतात आणि सकाळी लवकर गेल्यास काळवीट दिसण्याची शक्यता वाढते. म्हणजे पाणी पाहायचे तर श्रावण-भाद्रपद, जंगल पाहायचे तर मार्गशीर्ष-पौष.

पाण्यापाशी

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्यापैकी पाच कुटुंबे तिथे गेली होती. ऊन स्वच्छ होते. ओढ्यातल्या सपाट खडकांवर डबे उघडले होते, मुले घोट्याएवढ्या पाण्यात खेळत होती. वरच्या बाजूने शेळ्या घेऊन आलेल्या तांड्यावरच्या एका आजोबांनी हाक मारली, "वर या, पाणी येतंय." आम्हाला ढगही दिसत नव्हता. तरी त्यांच्या आवाजातली घाई पाहून मुलांना उचलून वर आलो. थोड्याच वेळात पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली आणि आम्ही बसलो होतो ते खडक पाण्याखाली गेले. भाकरीचा एक डबा आणि दोन चपला गेल्या. तेवढ्यावर निभावले ते त्या आजोबांमुळे. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले की वरच्या अंगाला आभाळ काळे झालेले त्यांनी टेकडीवरून पाहिले होते.

याचे कारण साधे आहे. ओढा लहान, त्याचे पाणलोट क्षेत्र लहान, उतार तीव्र. पावसाळ्यात जमीन आधीच पाणी पिऊन भरलेली असते आणि उघड्या खडकावर तर पाणी मुरतच नाही. वर चार-पाच किलोमीटरवर पडलेली सर तासाभराच्या आत खाली येते. मोठी नदी चढताना दिसते, लहान ओढा सांगून येत नाही. म्हणून मंडळाच्या सहलींसाठी आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत आणि घरगुती सहलीलाही त्या पाळाव्यात अशी विनंती आहे.

– पंगत ओढ्याच्या पात्रात कधीही मांडू नये. बसायची जागा काठावर उंच असावी.
– मोठ्यांपैकी एकाने पाण्यात न उतरता फक्त वरच्या बाजूकडे लक्ष ठेवावे. दर अर्ध्या तासाने माणूस बदलावा.
– पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला तर सामान सोडून आधी माणसे वर काढावीत.
– धबधब्याच्या पायथ्याच्या डोहात उतरू नये. खोली दिसत नाही, तळाशी खडक असतात. पोहता येते म्हणणाऱ्यांनी तर मुळीच नाही.
– वरच्या कडेवर जाऊन फोटो काढू नये. शेवाळलेला खडक कोरडा दिसला तरी निसरडा असतो.
– वाहते पाणी गुडघ्याएवढे झाले की गाडीने किंवा पायी ओलांडू नये. थांबावे. पाणी जसे चढते तसे उतरतेही.
– मोबाइलच्या सिग्नलवर विसंबू नये. कुठे जातो आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. गरज पडल्यास 112 हा क्रमांक आहे, पण तो लागण्यासाठीही रस्त्यापर्यंत यावे लागू शकते.

जंगलाचे नियम आणि तांडे

अभयारण्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. चिंचोळीला पोहोचल्यावर त्या दिवशी कुठला भाग खुला आहे हे विचारूनच पुढे जावे. कचरा टाकणे आणि प्राण्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे. आग लावण्यास मनाई आहे, म्हणजे तीन दगडांची चूल मांडून तिथेच पिठले-भाकरी करण्याची आपली हौस इथे चालत नाही.

त्याने काही बिघडत नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, कारळाची चटणी, दही, धपाटे हे आपल्याकडचे पदार्थ मुळात प्रवासासाठीच जन्मले आहेत. पत्रावळी नेल्या तरी परत आणाव्यात. प्लास्टिकची पिशवी काळविटाच्या किंवा तांड्यावरच्या गाईच्या पोटात जाते.

जंगलाच्या आत आणि कडेला लमाण समाजाचे तांडे आहेत. ही माणसे अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहतात. पुष्कळ जण कामासाठी मुंबई-पुण्याला जाऊन आलेले असल्याने त्यांना मराठी समजते. रस्ता विचारताना, गाडी लावताना, त्यांच्या विहिरीचे पाणी घेताना आपण त्यांच्या दारी आलेले पाहुणे आहोत हे लक्षात ठेवावे. बायकांचे काचा लावलेले पोशाख पाहून न विचारता फोटो काढू नये. चहा-पाण्याचे, शेंगांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. त्या दिवशी आम्हाला हाक मारणारे आजोबा तिथलेच होते.

सहलीची आखणी

सकाळी 7 च्या आत बिदरहून निघावे. 11 पर्यंत धबधब्यावर, दुपारी 2 ला तिथून परत, संध्याकाळी चंद्रमपल्लीचा जलाशय किंवा येताना माणिकनगर. पावसाळ्यात दुपारनंतर सरी येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पाण्याजवळचा वेळ सकाळचाच ठेवावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेवटची पायवाट झेपणार नसेल तर एका कुटुंबाने त्यांच्यासोबत जलाशयापाशी थांबावे. त्यांना एकटे गाडीत बसवून जाऊ नये.

यंदा जाऊन आलेल्या सभासदांनी रस्त्याची आणि पाण्याची स्थिती तारखेसह मंडळाला कळवावी. पुढच्या रविवारी निघणाऱ्या घराला त्याचा उपयोग होतो. टेकडीवरून हाक मारणारा माणूस प्रत्येक वेळी भेटेलच असे नाही, तेवढे काम आपण एकमेकांसाठी करू शकतो.