जातं, खडी आणि व्यायाम

गावात पिठाची गिरणी नव्हती तेव्हा बायांचा दिवस जात्यावर उजाडायचा. तांबडं फुटायच्या आत चार-पाच शेर जोंधळं दळून व्हायचं. मग विहिरीचं पाणी शेंदायचं, शेणाच्या पाट्या उचलायच्या, अंगण झाडून सडा घालायचा. दंड, कंबर, पाठ, मांड्या, सगळ्यांना ताण. आज कुणीही याला व्यायाम म्हणंल. तेव्हा याला काम म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. "ती काय, घरीच असते," एवढंच.

१९७२ च्या दुष्काळात त्याच बाया रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर गेल्या. खडी फोडली, माती वाहिली. त्यांच्या कष्टाचं माप निघालं, हातात मजुरी पडली. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला. मागंल त्याला काम, हा हक्क झाला. जात्यावरचं दळण मात्र कुठल्याच मस्टरावर चढलं नाही.

त्या दुष्काळात दिवसभर हातोडा चालवूनही अंगं भरली नाहीत, उलट वाळली. पोटात होती मिलो आणि सुकडी. कष्ट अंगी लागायला पोटभर भाकरी आन् रातची झोप लागते. ती नसंल तर तो व्यायाम नव्हं, नुसती झीज.

जुनी माणसं काटक होती म्हणतात. होती खरी. पण जातं गोड लागतं ते न ओढणाऱ्याला. खराटा, कुदळ, बादली आजही अंगाला चांगलीच. फक्त घरातल्या गड्यानंही ती हातात धरावी.