पाच नंबरचा ठिपका: अंधांच्या हातातल्या फोनची गोष्ट

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. घरात एखादा जुना बटणांचा फोन पडला असेल तर तो शोधा. डोळे मिटा आणि पाचच्या बटणावरून अंगठा फिरवा. एक बारीक उंचवटा लागेल, ठिपका किंवा छोटी रेघ. तो सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. झाला सगळा कीपॅड पाठ. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवरही अशीच खूण असते.

या ठिपक्याला फोन बनवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य. पण जळगावच्या किंवा धुळ्याच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या अंध माणसाला घरी फोन लावायला तो पुरायचा. कुणाला "दादा, जरा नंबर लावून द्या" म्हणायची गरज नाही.

मग २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला आणि बटणं गेली. उरली सपाट काच. आपल्याला वाटलं फोन स्मार्ट झाला. पण अंध माणसाच्या हातात तो काचेचा गुळगुळीत तुकडा होता. पाच कुठे आणि हिरवं बटण कुठे, बोटाला काहीच कळेना.

आजची गोष्ट या हरवलेल्या ठिपक्याची आहे. तो परत आणणाऱ्यांमध्ये एक माणूस आपल्या पुण्यात वाढलेला आहे.

"ए भागिले बी अधिक सी" म्हणजे नक्की काय?

टी. व्ही. रामन, जन्म १९६५. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजमधून गणितात बीए आणि आयआयटी मुंबईतून पदव्युत्तर पदवी. ज्या काळात कॉम्प्युटर स्वतः बोलत नव्हता, त्या काळात घरातलं कुणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि हे ऐकून गणित सोडवायचे.

आता यातली अडचण बघा. मी तुम्हाला म्हटलं, "ए भागिले बी अधिक सी". सी खाली छेदात आहे की बाहेर? डोळ्यांनी बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. ऐकणाऱ्याला नाही कळत. रामन यांनी अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीसाठी हाच प्रश्न घेतला. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या कामातून 'ॲस्टर' नावाचा प्रोग्राम तयार झाला. तो समीकरण नुसतं वाचत नाही, त्याची रचनाही ऐकवतो. उदाहरणार्थ, घात आला की आवाजाची पट्टी बदलते.

२००५ मध्ये रामन गुगलमध्ये गेले. टचस्क्रीनचा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांनी आणि चार्ल्स चेन या सहकाऱ्यानं एक भन्नाट डायलर बनवला. काचेवर पाच कुठे आहे हे शोधायचंच नाही. तुमचं बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथेच पाच! तिथून वर सरकवलं की दोन, खाली सरकवलं की आठ. चुकलात तर फोन हलवा, शेवटचा आकडा पुसला जातो. जुन्या कीपॅडचा ठिपका आता बोटाखालीच आला.

२००९ हे वर्ष लक्षात ठेवा. जूनमध्ये आयफोन थ्रीजीएसमध्ये 'व्हॉइसओव्हर' आलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आलं. बोट ज्यावर असेल ते फोन बोलून सांगतो आणि दोनदा टॅप केलं की ते उघडतं. ही सोय फोनसोबतच येते, वेगळे पैसे नाहीत.

कॉम्प्युटरवर हे इतकं सोपं नव्हतं. तिथे 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर १९८९ पासून होता. तो टेड हेंटर या अपघातात दृष्टी गेलेल्या इंजिनिअरनं बनवलेला. पण त्याची किंमत सामान्य घरातल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यापलीकडची. २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं फुकट मिळणारा 'एनव्हीडीए' लिहायला घेतला. जेम्स टे हा त्याचा मित्र सोबत आला, तोही अंध. यात एक समान धागा दिसतो का? रामन, हेंटर, करन, टे. ज्याला अडचण होती त्यानंच कोड लिहिला.

ई, जे, के, बी, एच

पण मंडळी, फोन बोलायला लागला म्हणून मराठी बोलायला लागला असं नाही. इथे आपला एक खास घोळ आहे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. म्हणजे 'क'ला स्वतःचा पक्का नंबर आहे, जगातल्या कुठल्याही मशीनवर तोच. पण आपल्याकडे टायपिंग सेंटर, प्रेस, ऑफिस सगळीकडे वर्षानुवर्षं कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट चालले. हे फॉन्ट एक युक्ती करतात. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षर साठवायचं आणि स्क्रीनवर त्याला मराठी कपडे घालायचे. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं तर आत साठवलं जातं: ई, जे, के, बी, एच. बघणाऱ्याला दिसतं 'मराठी'. पण स्क्रीन रीडर कपडे बघत नाही, पोटातलं वाचतो. त्यामुळे ऐकू काय येतं? ई-जे-के-बी-एच. पानंच्या पानं असंच.

ब्रेलमध्ये हा गोंधळ नव्हता. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, सहा ठिपक्यांत सगळ्या प्रमुख भारतीय भाषा, त्यात मराठीही. तिथे क म्हणजे क. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्यातला प्रत्येक क बोटाला क-च लागतो. डिजिटल मराठीत मात्र अक्षर दिसायचं आणि ऐकू यायचं नाही.

आता युनिकोड सगळीकडे आहे आणि फोनमध्ये मराठी आवाजही आहे. गंमत म्हणजे कुणी देवनागरीत "कथा चालना भो?" लिहून पाठवलं तर तो आवाज आपली अहिराणीही वाचतो. जरा पुणेरी वळणानं वाचतो, पण कळतं.

तरी घोळ संपलेला नाही. त्यानं रूप बदललंय. नोट्सचे फोटो, स्कॅन केलेल्या पीडीएफ, जाहिरातीचा स्क्रीनशॉट. या सगळ्यात अक्षरं नाहीत, अक्षरांची चित्रं आहेत.

हे कुणाला नडतं?

जळगावात प्रा. यजुर्वेंद्र महाजन यांचं दीपस्तंभ फाउंडेशन आहे. त्यांच्या 'मनोबल' प्रकल्पात अंध आणि इतर दिव्यांग मुलं-मुली राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. अशी परीक्षा अंध उमेदवार काढू शकतो का? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी २०१६ च्या यूपीएससीत देशात १२४ वा नंबर काढला आणि आयएएस झाल्या. दृष्टी सहाव्या वर्षी गेलेली, अभ्यास स्क्रीन रीडरवर. म्हणजे मशीन वाचतं, मेंदू समजून घेतो, प्रश्न फक्त मजकूर वाचता येण्यासारखा आहे का एवढाच. ग्रुपवर आलेली नोट चित्र असेल, तर डोळस मित्राच्या बरोबरीनं अभ्यास करणारा पोरगा तिथेच थांबतो. हुशारीत कमी म्हणून नाही, फाइल चुकीची म्हणून.

बँकेचंही तसंच. ऑनलाइन केवायसी करताना ॲप म्हणतं, "डोळे मिचकवा." अंध माणसानं काय करायचं? हाच प्रश्न अमर जैन या अंध वकिलांनी आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांनी सुप्रीम कोर्टात नेला. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला: डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केवायसी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी कोर्टानं २० निर्देश दिले. याआधी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही डिजिटल सेवा सर्वांना वापरता याव्यात असं म्हटलेलं आहेच.

म्हणजे हत्यार तयार आहे, कायदाही आहे. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा आपल्यासारख्यांच्या बोटांत. ॲप बनवणाऱ्यानं बटणाला नाव दिलं नाही की टॉकबॅक फक्त "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो. ते नाव द्यायला कोडची एक ओळ लागते. पाचवरच्या ठिपक्याइतकंच स्वस्त काम आहे हे.

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी तीन गोष्टी जमतील. नोट्स पाठवताना फोटोसोबत मजकूरही पाठवा. मराठी इंग्रजी अक्षरांत न लिहिता देवनागरीत लिहा. फोटो टाकलात तर खाली एका ओळीत सांगा त्यात काय आहे.

आणि आज रात्री सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दहा मिनिटं टॉकबॅक चालू करा. लक्षात ठेवा, उघडायला दोनदा टॅप आणि सरकवायला दोन बोटं. मग तुमचा रोजचा ॲप डोळे मिटून वापरून बघा. कुठला ॲप नीट बोलला आणि कुठला नुसता "बटण" म्हणाला, ते कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूया!