'तमाम शुद' : सोमर्टन येथील अनामिक प्रेताची प्रत्यभिज्ञा

फारसी पोथ्या चाळण्याचा ज्यांना प्रसंग आला आहे, त्यांस 'तमाम शुद' हे दोन शब्द अपरिचित नाहींत. संस्कृत पोथीच्या अंतीं 'समाप्त' या पदानें जें काम होतें, तेंच फारसी पोथींत या शब्दांनीं होतें. आपल्या दप्तरांतील पत्रांच्या शेवटीं उमटलेली 'मोर्तब सुद' ही मुद्रा आपण नेहमीं वाचतों; तिच्यांतील 'सुद' म्हणजे फारसी 'शुद', अर्थात् 'झालें', हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. असल्या समाप्तिसूचक दोन शब्दांचा छापील तुकडा एका प्रेताच्या खिशांत सांपडावा, आणि त्या प्रेतास नांव मिळण्यास ७३ वर्षें लागावींत, अशी एक हकीकत ऑस्ट्रेलिया खंडांत घडली आहे.

आमच्या इतिहासाशीं तिचा प्रत्यक्ष संबंध नाहीं. तथापि साधनांची पारख कशी करावी, लाडक्या अनुमानाचा त्याग केव्हां करावा, आणि आज निरुपयोगी म्हणून टाकलेली वस्तु उद्यां काय साक्ष देईल, हे तिन्ही प्रश्न तींत उत्तम प्रकारें दिसून येतात. म्हणून संशोधकवर्गापुढें ती मांडण्याचें योजिलें आहे.

१. मूळ हकीकत

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अडिलेड हिच्यानजीक समुद्रकांठीं सोमर्टन नांवाची वस्ती आहे. ता. १ डिसेंबर १९४८ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास तेथील वाळूंत, किनाऱ्याच्या भिंतीस डोकें टेकलेल्या स्थितींत, एका पुरुषाचें प्रेत आढळलें. वय अजमासें ४० ते ४५, बांधा उंच, पोशाख नीटनेटका. आदल्या सायंकाळीं सातच्या सुमारास एका जोडप्यानें त्याच जागीं एक पुरुष पडलेला पाहिला होता. त्यानें उजवा हात उचलला व तो पुन्हा खालीं पडला. कोणी दारू प्यालेला असावा असें समजून तीं दोघें पुढें गेलीं.

खिशांत हेन्ली बीचचें न वापरलेलें आगगाडीचें तिकीट, एक बसचें तिकीट, ॲल्युमिनिअमची फणी, कांड्यांची पेटी, आणि एका छापाच्या पाकिटांत भरलेल्या दुसऱ्याच छापाच्या सिगारेटी, एवढाच ऐवज निघाला. नांवाचा कागद नाहीं. कपड्यांवरील दुकानांच्या पट्ट्याही काढून टाकलेल्या. शवचिकित्सेंत जठरांत रक्त आणि प्लीहा नेहमीच्या तिप्पट आढळली. वैद्यांस विषाचा संशय आला, परंतु रासायनिक परीक्षेंत विष सांपडलें नाहीं. जून १९४९ मधील चौकशींत एका तज्ज्ञानें अशीं कांहीं विषें सुचविलीं कीं, तीं मागें खूण ठेवीत नाहींत. मृत्यूचें कारण मात्र निश्चित झालें नाहीं. खून कीं आत्मघात, हें त्या दिवशीं जितकें अज्ञात होतें तितकेंच पुढेंही राहिलें.

ता. १४ जानेवारी १९४९ रोजीं अडिलेडच्या स्टेशनावर ठेवलेली एक बेवारशी पेटी हातीं आली. मृताच्या विजारीचा खिसा ज्या मेणवलेल्या नारिंगी दोऱ्यानें शिवला होता, तसलाच दोरा पेटींत होता. गळपट्ट्यावर व इतर दोन वस्त्रांवर 'कीन' असें नांव होतें. पोलिसांनीं कीन नांवाच्या बेपत्ता माणसाचा दूरवर तपास केला. असा कोणी मिळेना.

२. चिठी आणि पुस्तक

चौकशीच्या सुमारास कपडे पुन्हा तपासतांना विजारीच्या घड्याळाच्या लहान खिशांत घडी केलेला एक छापील तुकडा निघाला. त्यावर 'तमाम शुद' एवढीच अक्षरें होतीं. फिट्झजेराल्डनें इंग्रजींत उतरविलेल्या उमर खय्यामच्या रुबायांच्या एका आवृत्तीचें तें शेवटचें पद होय. येथें वाचकांस आपल्या माधवराव पटवर्धनांची आठवण होईल. फारसी-मराठी कोश (१९२५) सिद्ध करणाऱ्या या पंडितानेंच पुढें १९२९ सालीं रुबायांचें मूळ फारसीवरून मराठी भाषांतर प्रसिद्ध केलें. ऑस्ट्रेलियांतील वृत्तपत्रकारांस फारसीचा गंध नसल्यामुळें त्यांनीं 'तमाम'चें 'तमान' केलें, आणि हा पाठदोष इतका रूढ झाला कीं, कित्येक वर्षें हें प्रकरण त्याच अशुद्ध नांवानें ओळखलें जाई. लेखकप्रमादाचे परिणाम पोथ्यांपुरतेच नसतात, हें यावरून दिसेल.

जुलै १९४९ मध्यें एका गृहस्थानें आपल्या मोटारींत सांपडलेलें रुबायांचें पुस्तक पोलिसांकडे आणून दिलें. त्याच्या शेवटच्या पानाचा तुकडा फाडलेला होता, व खिशांतील चिठी त्यांतलीच ठरली. पुस्तकाच्या मागें मोठ्या रोमन अक्षरांच्या पांच ओळी (पैकीं दुसरी खोडलेली) आणि एक टेलिफोनचा क्रमांक लिहिलेला होता. तो क्रमांक जवळच राहणाऱ्या एका परिचारिकेचा निघाला. आपण मृतास ओळखत नाहीं, असें तिनें सांगितलें. रुबायांची एक प्रत आपण युद्धकाळांत एका लष्करी अधिकाऱ्यास दिली होती, हें तिनें कबूल केल्यावरून तोच मृत असावा असा तर्क निघाला. परंतु तो अधिकारी जिवंत सांपडला, आणि त्याच्या प्रतींत 'तमाम शुद' जागच्या जागीं होतें.

३. ओळखींचा सुकाळ

प्रत्यभिज्ञा म्हणजे पूर्वीं पाहिलेल्याची समोर असलेल्याशीं एकता जाणणें. 'तोच हा देवदत्त' हें तिचें शास्त्रांतील नेहमीचें उदाहरण होय. तींत प्रत्यक्ष व स्मरण यांचा संयोग असतो, आणि स्मरणाचा अंश दुर्बळ असला कीं इच्छा त्याची जागा घेते. फेब्रुवारी १९४९ पर्यंत या एकाच प्रेताच्या आठ 'निश्चित' ओळखी पटल्या होत्या! प्रथम ज्याचें नांव घेतलें गेलें, तो इसम स्वतः चालत पोलिसांपुढें हजर झाला. दुसऱ्या एका बाईनें खात्रीनें ओळख दिली, व प्रेत पुन्हा पाहिल्यावर अपेक्षित व्रण नाहीं म्हणून ती मागें घेतली. १९५३ पर्यंत पोलिसांकडे आलेल्या उत्तरांची संख्या अडीचशेंच्या वर गेली.

पुढें या कोड्यास हौशी शोधकांची परंपराच लाभली. कोणी त्यास परदेशाचा हेर ठरविलें. कोणी त्या पांच ओळींस गुप्तलिपि मानून त्यांतून हवा तो अर्थ काढला. १९७८ सालीं संरक्षणखात्याच्या तज्ज्ञांनीं एवढ्या अल्प अक्षरांवरून समाधानकारक उत्तर निघणें शक्य नाहीं, असा अभिप्राय दिला. तरी उत्साह कमी झाला नाहीं. निवृत्त पोलीस अधिकारी जेरी फेल्टस यांनीं मात्र उपलब्ध कागद एकत्र करून २०१० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. असें निरहंकारी काम करणारा एखादा तरी प्रत्येक वादास हवा.

४. केसाची साक्ष

अडिलेड विद्यापीठांतील विद्युत्‌शास्त्राचे प्राध्यापक डेरेक ॲबट यांनीं विद्यार्थ्यांसह हें प्रकरण हातीं घेतलें. मृताच्या कानाची घडण व दांतांची ठेवण दुर्मिळ होती. तशींच दोन्ही चिन्हें परिचारिकेच्या मुलाच्या छायाचित्रांत त्यांस दिसलीं. त्यावरून मृत हा त्या मुलाचा पिता, असें अनुमान त्यांनीं बांधलें. त्या घराण्याशीं प्राध्यापकांचा पुढें विवाहसंबंधही जुळला. तेव्हां हें अनुमान त्यांस किती प्रिय असेल, हें सांगणें नको.

दफनापूर्वीं, १९४९ सालीं, प्रेताच्या मस्तकाचा व खांद्यांचा प्लास्टरचा ठसा घेण्यांत आला होता. ठसा घेणाऱ्याचा हेतु मुखाकृति जतन करण्याचा; परंतु प्लास्टरमध्यें मृताचे कांहीं केस अडकून राहिले, ते कोणीं मुद्दाम ठेवले नव्हते. त्या केसांतून आनुवंशिक द्रव्य मिळवून ॲबट व अमेरिकेतील वंशावळी-संशोधिका कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनीं दूरच्या आप्तांचा माग काढला, आणि सुमारें ४००० व्यक्तींची वंशावळ मांडली. तींत एक पुरुष असा निघाला कीं, त्याच्या जन्माची नोंद आहे, विवाहाची आहे, पण मृत्यूची कोठेंच नाहीं. मीमांसक ज्यास अनुपलब्धि म्हणतात, तें प्रमाण येथें उपयोगी पडलें. मग मातृपक्ष व पितृपक्ष या दोहोंकडील आप्तांशीं ताडून पाहून जुलै २०२२ मध्यें त्यांनीं नांव जाहीर केलें : कार्ल वेब, विजेचीं उपकरणें करणारा कारागीर, जन्म १६ नोव्हेंबर १९०५, मेलबोर्नच्या फुट्सक्रे भागांतला.

या नांवानें एक जुनी गांठ आपोआप सुटली. वेबच्या एका मेव्हण्याचें आडनांव कीन होतें. गळपट्ट्यावरील नांव मृताचें नव्हतें, खोटेंही नव्हतें. तें आप्ताचें होतें. त्याच वेळीं प्राध्यापकांचें प्रिय अनुमान मात्र कोसळलें, कारण परिचारिकेच्या वंशाशीं वेबचा रक्तसंबंध आढळला नाहीं. दोन दुर्मिळ चिन्हें एकत्र दिसलीं म्हणजे नातें सिद्ध झालें, हा हेतु सव्यभिचार होता. विशेष हें कीं, तो खोडून काढणारा पुरावा अनुमानकर्त्यानेंच मिळविला व स्वतःच्या तोंडानें जाहीर केला. आमच्या क्षेत्रांत असें औदार्य किती वेळां दिसतें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

५. सिद्ध काय, असिद्ध काय

मे २०२१ मध्यें पोलिसांनीं सरकारी प्रयोगशाळेसाठीं प्रेत पुन्हा उकरलें होतें, आणि २०२२ मधील घोषणेचें त्यांनीं सावधपणेंच स्वागत केलें. नांव बहुतांशीं स्थिर झालें, असें म्हणण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. पण मृत्यूचें कारण, टेलिफोनचा क्रमांक पुस्तकांत कसा आला, पांच ओळींचा अर्थ काय, हीं कोडीं त्या नांवानें सुटत नाहींत.

तीं सुटण्याचा मार्गही बराचसा बंद झाला आहे. रुबायांची ती प्रत पोलिसांकडून गहाळ झाली. पेटी १९८६ सालीं अनावश्यक म्हणून नष्ट करण्यांत आली. त्या पांच ओळींचें केवळ चित्र उरलें आहे, आणि त्यांतील अमुक अक्षर 'एम' कीं 'डब्ल्यू', हा पाठभेद मूळ प्रतीवांचून मिटत नाहीं. जुन्या पोथीचा मजकूर उतरून घेऊन मूळ पोथी टाकून देणारे आम्हीही पाहिले आहेत. उलट पुठ्ठ्यांत चिकटवलेल्या रद्दींतून एखादी महत्त्वाची यादी निघते, हाही सर्वांचा अनुभव आहे. प्लास्टरमधला केस त्याच जातीचा.

पानिपतावर भाऊसाहेबांचा देह खुणांवरून ओळखल्याची हकीकत काशिराज पंडिताच्या वृत्तांतांत आहे. तरीही लोकांचें समाधान झालें नाहीं, आणि त्यांच्या नांवानें आलेल्या तोतयास १७७६ सालीं पुण्यांत देहदंड होईपर्यंत दौलतीस ताप झाला. पार्वतीबाई तर अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें वागवीत राहिल्या. आमच्याकडे नांव होतें, पण देहाविषयीं खात्री नव्हती; सोमर्टनास देह होता, पण नांव नव्हतें. दोन्हीकडे घरच्यांच्या वाट्यास आली ती अनिश्चितता. वेबच्या पत्नीनें, नवरा टाकून गेला या कारणावरून, पुढें घटस्फोटाचा अर्ज केला. त्या वेळीं तो १४ जून १९४९ पासून अडिलेडच्या वेस्ट टेरेस दफनभूमींत 'अज्ञात पुरुष' या शिळेखालीं निजला होता. तिनें केलेला आरोप ज्याच्यावर होता, तो उत्तर देण्यास उरला नव्हता, आणि तें सांगणारा कोणी नव्हता.

नांव शोधण्याच्या या खटाटोपाचें मोल त्या कागदाकडे पाहिलें म्हणजे कळतें. संग्राहकांनीं आपापल्या संग्रहांतील निनांवी पत्रें, फाटके तुकडे व रिकामे रुमाल टाकून देण्यापूर्वीं एकवार या केसाची आठवण ठेवावी, एवढीच विनंति. इत्यलम्.