फटीचा इतिहास

मागच्या महिन्यात वीकांताला मिरजेला गेलो होतो. चपला काढतोय तोवर आईची तक्रार आली, "तुझा तो ओव्हन बिघडलाय बघ. नानकटाई मागच्या बाजूला करपतीय आणि दाराजवळची कच्चीच राहतीय." 'तुझा' अशासाठी, की पहिल्या बोनसमधून तो मी घेऊन दिला होता. नर्सिंगमधून रिटायर झाल्यापासून आई दिवाळीला नानकटाईच्या ऑर्डरी घेते. यंदा बारा किलोचा शब्द देऊन बसली होती आणि दिवाळी अडीच आठवड्यांवर!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी थर्मोस्टॅटवर संशय घेतला, मग हीटिंग एलिमेंटवर, मग मल्टीमीटर शोधायला माळ्यावर चढलो. खाली येऊन बघतो तर आईने वहीचा कागद फाडून ओव्हनच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर असा धरून दार लावलेलं. वरच्या कडेचा कागद ओढला तर हलेना. बिजागरीच्या बाजूचा मात्र सुळकन बाहेर आला. "रबर गेलंय," ती म्हणाली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"मग चौतीस वर्षं ऑटोक्लेव्ह काय तू चालवलास?"

दाराभोवतीची ती रबरी कड खरंच कडक होऊन एका जागी चिरली होती. लक्ष्मी मार्केटजवळच्या एका दुकानात दाखवली. "साहेब, ह्या मॉडेलचं रबर यायचं बंद झालंय. नवीनच घ्या की ओव्हन." दीड मीटर रबरासाठी अख्खा ओव्हन टाकायचा? मापं घेतली, नेटवर ऑर्डर टाकली आणि रविवारी दिवसभर ह्या रबराचं मूळ शोधत बसलो. हा लेख म्हणजे त्या रविवारचं फलित. :)

गोष्ट सुरू होते फटीपासून. भांडं वेगळं आणि झाकण वेगळं केलं की मधे फट आलीच. दोन कडक वस्तू एकमेकींवर कितीही नीट बसवा, केसाएवढी जागा उरतेच. ती भरायला तिसरी, मऊ वस्तू लागते. आपल्या रसशास्त्रात भस्म करताना मातीच्या दोन परळांची तोंडं एकमेकांवर ठेवून सांध्यावर मातीत भिजवलेलं कापड गुंडाळतात. ह्याला शरावसंपुट म्हणतात आणि त्या लेपाला कापडमाती. बिर्याणीच्या हंडीला दम देताना झाकणाच्या कडेने लावलेली कणीक हेच काम करते. पण कणीक काय, माती काय, एकदाच वापरायची चीज. दार रोज उघडायचं असेल तर दाबल्यावर दबणारी आणि सोडल्यावर पुन्हा फुगणारी वस्तू हवी.

१६७९ साली देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ शिजवणारं भांडं मांडलं. झाकण स्क्रूने आवळलेलं. भांडं फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच काढला. हा आपल्या कुकरचा खापरपणजोबा. पण त्याच्याकडे आजच्यासारखं रबर नव्हतं. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक. ते गंधकाबरोबर तापवलं की दोन्ही दोष जातात हे चार्ल्स गुडइयरच्या लक्षात आलं १८३९ मध्ये. पेटंट मिळालं १८४४ मध्ये. १८६० साली गुडइयर वारला तो कर्जातच. असो.

१८७९ मध्ये पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां ह्याने ऑटोक्लेव्ह बनवला. तत्त्व कुकरचंच. वाफेवर चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब आला की तापमान १२१ अंशांवर जातं आणि साध्या उकळण्याला दाद न देणारे जंतूही मरतात. ह्यानंतर पंधराच वर्षांनी, १८९४ साली, कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. पुढे ह्या गावाची ओळखच दवाखान्यांचं गाव अशी झाली. ऑपरेशन थिएटर आलं की ऑटोक्लेव्ह आला, आणि ऑटोक्लेव्ह आला की त्याच्या दाराचं गॅस्केट आलं.

हे आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. नव्वदच्या दशकात केव्हातरी, सकाळी चार ऑपरेशनं लागलेली. गॉज आणि गाऊन भरलेले ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये. दाराच्या एका कोपऱ्यातून वाफ फुसफुसत होती आणि काटा पंधरावर ठरत नव्हता. सर्जन म्हणाले, "सिस्टर, दहा मिनिटं जास्त ठेवा, होऊन जाईल." आई म्हणाली, "सर, ह्या ड्रमवर मी सही करणार नाही." दोन तास आरडाओरडा झाला. शेवटी नवं गॅस्केट बसवून ड्रम पुन्हा लावले, मग ऑपरेशनं सुरू झाली. थँक यू कुणीच म्हटलं नाही. पण चौघांपैकी कुणाच्याही टाक्यांत पू झाला नाही, हे आईने पुढचे आठ दिवस वॉर्डात जाऊन स्वतः पाहिलं.

मला चॅलेंजर यान आठवलं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री रॉजर बॉइजोली आणि त्याचे सहकारी इंजिनियर सांगत होते, थंडी फार आहे, बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी रिंगा कडक होतील, उड्डाण करू नका. वरच्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान कोसळलं आणि सात जण गेले. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमनने त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला : दाब काढला तरी तो लगेच फुगत नाही. इंजिनियरांचं म्हणणं तिथे खोडून काढलं गेलं. आईचं इथे चाललं, एवढाच फरक. पण तो केवढा मोठा!

घराघरात गॅस्केट पोचलं ते कुकरमुळे. हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोघांचे कुकर आपल्याकडे सुरू झाले १९५९ मध्ये. हॉकिन्सचा तर कारखानाच ठाण्यात. त्यांचं झाकण आतून लागतं, त्यामुळे वाफच रिंगेला दाबून धरते. दाब जितका जास्त तितकं झाकण घट्ट. ओव्हनमध्ये असा दाब नसतो. दाराची स्प्रिंग आणि रबराचा मऊपणा, बस. शिवाय २०० अंशांच्या पुढची धग, जिच्यात साधं रबर काही दिवसांतच कडक होतं. पूर्वी अशा धगीच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी लावत. तिचे तंतू फुफ्फुसात जाऊन माणसं मरतात. ह्या कामगारांच्या आरोग्यावर १९९५ साली सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला. हल्लीच्या बऱ्याच ओव्हनना सिलिकॉन रबर असतं. सिलिकॉनवर आयुष्य घालवणाऱ्या फ्रेडरिक किपिंगला त्याचा व्यवहारात काही उपयोग होईलसं वाटत नव्हतं! कारखान्यांतून ते यायला लागलं १९४० च्या दशकात.

पुढच्या शनिवारी नवं रबर घेऊन परत मिरज. प्लग काढला. जुन्याचे कोपऱ्यातले चार हुक सोडवले, कड कोमट साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी केली. नव्याचा जोड खालच्या बाजूला ठेवला, आधी चार कोपरे बसवले आणि मग मधला भाग. ताणायचं नाही, ताणलं की कोपऱ्यात फट राहते. एकूण वीस मिनिटं. मग आईने कागद आणला आणि चारही बाजूंना ओढून पाहिला. बिजागरीजवळ दोनदा. तिथे पास झाल्यावरच पीठ मळायला घेतलं.

पहिला ट्रे सगळीकडून सारखा भाजून आला. मी जुनं रबर कचऱ्यात टाकायला निघालो तर आई म्हणाली, "ठेव ते. पुढच्या वेळी माप घ्यायला लागेल."