बाराव्या चौकटीतली घोडी

धावत्या घोड्याचं ते बारा चौकटींचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणारच. सिनेमाच्या इतिहासावरच्या पुस्तकात म्हणा, एखाद्या कॅफेच्या भिंतीवर म्हणा. आडव्या चार आणि उभ्या तीन, अशा बारा चौकटी. प्रत्येकीत तीच घोडी, तोच स्वार, मागे आकड्यांचा पांढरा पडदा. आता एक काम करा. ते चित्र शोधून शेवटची, म्हणजे बारावी चौकट नीट बघा.

घोडी चक्क उभी आहे!

अकराव्या चौकटीत ती भरधाव पळतेय आणि बाराव्यात चारही पाय जमिनीला टेकवून शांत. कार्डावर छापलंय की हे फोटो सुमारे १/२५ सेकंदाच्या अंतराने घेतले आहेत, आणि ते घोडीच्या एकाच झेपेतल्या लागोपाठच्या स्थिती दाखवतात. म्हणजे ताशी साठेक किलोमीटरवरून शून्यावर, तेही एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. इतके जबरदस्त ब्रेक अजून कुठल्याही गाडीला बसलेले नाहीत.

अर्थात खुलासा सोपा आहे. उभ्या घोडीचा फोटो वेगळा काढला आणि शेवटच्या जागी बसवला. पण म्हणजे बारा फोटोंचा हा क्रम कॅमेऱ्यांनी लावलेला नाही, तो एका माणसाने लावलाय. आणि एकदा हे डोक्यात शिरलं की त्या माणसाच्या बाकीच्या कामाकडेही आपण जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

माणसाचं नाव एडवर्ड मायब्रिज. जन्म १८३० चा, इंग्लंडमधल्या किंग्स्टनचा. सॅन फ्रान्सिस्कोत आला, आधी पुस्तकं विकली, मग फोटोग्राफर झाला आणि योसेमिटीच्या निसर्गचित्रांनी नाव कमावलं. (खासगी आयुष्य हा एक वेगळाच सिनेमा आहे. १८७४ मध्ये त्याने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली आणि १८७५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. असो.)

त्याचा आश्रयदाता लेलँड स्टॅनफर्ड. कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वेसम्राट आणि घोड्यांचा शौकीन. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात का, हा त्याला पडलेला प्रश्न. त्याने यावर २५ हजार डॉलर्सची पैज लावली होती अशी गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. प्रश्न मात्र खरा होता. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं आणि चित्रकार तर शतकानुशतकं घोड्याचे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून चितारत आले होते.

जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या फार्मवर मायब्रिजने ओळीने १२ कॅमेरे मांडले. दोन कॅमेऱ्यांत अंतर २७ इंच. ट्रॅकवर आडवे धागे ताणले. घोडीच्या छातीने धागा तुटला की विजेचं सर्किट चालून त्या कॅमेऱ्याचं शटर पडणार. म्हणजे प्रोग्रामरच्या भाषेत हे इव्हेंट ड्रिव्हन प्रकरण! घड्याळ नाही, घोडीच ट्रिगर.

यात एक बारीक मेख आहे. धागे समान अंतरावर आहेत, त्यामुळे फोटो समान अंतरावर निघतात, समान वेळेवर नव्हे. मग १/२५ सेकंद कुठून आलं? कार्डावर वेग दिलाय, १ मिनिट ४० सेकंदांत एक मैल. म्हणजे सेकंदाला साधारण १६.१ मीटर. २७ इंच म्हणजे ०.६९ मीटर. भागाकार केला की ०.०४३ सेकंद येतात, म्हणजे १/२३ च्या आसपास. गणित जुळतं, पण घोडीचा वेग अगदी एकसारखा राहिला असेल तरच. पुढच्या प्रयोगांत मायब्रिजने धागे काढून घड्याळासारख्या यंत्राने शटर सोडायला सुरुवात केली ती यासाठीच.

स्टॅनफर्डच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत चारही पाय हवेत आहेत, पण ताणलेले नाहीत, पोटाखाली गोळा केलेले! चित्रकारांना मोठाच धक्का बसला. आणि हे उत्तर बारावी चौकट बनावट क्रमाची असली तरी पक्कंच राहतं, कारण त्यासाठी एकच फोटो पुरतो. पुढे काय आणि मागे काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच १८७८ सालात मायब्रिजने आणखी एक जोडचित्र केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवरून, एका श्रीमंताच्या घराच्या मनोऱ्यावरून, सगळं शहर ३६० अंशांत टिपलं. १३ मोठ्या काचा, प्रिंट्स शेजारी शेजारी लावले की लांबी १७ फुटांच्या आसपास. इथे क्रम वेळेचा नाही, दिशेचा. बघणाऱ्याला वाटतं की एका क्षणी गोल फिरून सगळं शहर पाहिलं. पण अभ्यासकांनी सावल्या तपासल्या, तेव्हा मधली एक काच शेजारच्या काचांपेक्षा काही तास उशिराची निघाली. बहुधा मूळ काच बिघडली असावी आणि तिच्या जागी दुसरी बसवली. दिशेच्या दृष्टीने ती अगदी बरोबर जागी आहे. वेळेच्या दृष्टीने उपरी. शहराचा नकाशा हवा असेल तर काही बिघडत नाही, पण "त्या दुपारी दोन वाजता रस्त्यावर काय होतं" असं विचारलंत की बिघडलं.

आपल्यापैकी ज्यांनी फोल्डरभर फोटो जोडून एक चित्र बनवणारी स्क्रिप्ट लिहिली असेल, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. नावांप्रमाणे लावले तर १, १०, ११, १२, २, ३ असा वेंधळा क्रम येतो. तारखेप्रमाणे लावले तर लग्नातल्या दोन फोटोग्राफर्सच्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नाहीत, आणि नवरी आधी सासरी पोचते, मग मंगलाष्टका सुरू होतात. शेवटी माणूस बसतो आणि हाताने क्रम लावतो. लग्नाच्या अल्बममध्ये त्यात काहीच वावगं नाही. विज्ञानाच्या पुस्तकात?

तिकडेच वळू. १८८२ मध्ये स्टॅनफर्डने घोड्यांवरचं पुस्तक छापलं, एका डॉक्टर मित्राच्या नावाने. मुखपृष्ठावर मायब्रिजचा पत्ता नाही! त्या वेळी मायब्रिज लंडनमध्ये होता. रॉयल सोसायटीत त्याचा निबंध येणार होता, तो या पुस्तकामुळे अडला. काम त्याचं, आणि चोर ठरायची वेळ त्याच्यावरच. त्याने स्टॅनफर्डवर दावा लावला आणि तो हरलाही. त्यामुळे पुढचं काम वैज्ञानिकांनी मान्य करावं, ही त्याची गरज किती खोल असेल याची कल्पना करता येते.

तशी संधी १८८४ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाने दिली. लक्ष ठेवायला प्राध्यापकांची समिती, त्यात चित्रकार थॉमस एकिन्सही. मागे काळी भिंत, तिच्यावर पांढऱ्या धाग्यांची ५ सेंटिमीटरची चौकोनी जाळी. एका बाजूला ओळीने कॅमेरे आणि शिवाय दुसऱ्या कोनांतून बघणाऱ्या बारा-बारा लेन्सच्या दोन बॅटऱ्या. चालणारी माणसं, जिना चढणाऱ्या बायका, कुस्ती, घोडे, प्राणिसंग्रहालयातले प्राणी, सगळं टिपलं. १८८७ मध्ये 'ॲनिमल लोकोमोशन' प्रसिद्ध झालं. ७८१ मोठे तक्ते, त्यात सुमारे २० हजार चित्रं, पूर्ण संचाची किंमत ६०० डॉलर्स. आणि पूर्ण नावातच वचन दिलेलं होतं, की प्राण्यांच्या हालचालींच्या "लागोपाठच्या" अवस्थांचं हे विद्युत-छायाचित्रणाने केलेलं संशोधन आहे.

हे तक्ते म्हणजे नुसती रांग नाही, हे एक टेबल आहे. ओळ म्हणजे कोन, रकाना म्हणजे क्षण. वरच्या ओळीत बाजूने दिसणारा माणूस आणि त्याच रकान्यात खाली तोच क्षण समोरून किंवा मागून. निदान वाचणारा तरी असंच वाचतो. आता समजा एका ओळीतला एक फोटो खराब निघाला. जागा रिकामी सोडलीत तर तक्ता कुरूप दिसतो. बाकीचे सरकवून घेतलेत तर तक्ता सुंदर दिसतो, पण तिथून पुढचा प्रत्येक रकाना खोटा होतो. आपल्या धंद्यात याला ऑफ बाय वन म्हणतात.

जवळजवळ शंभर वर्षं या तक्त्यांवर कोणी फारसा संशय घेतला नाही. मग मार्टा ब्राऊन या कॅनडातल्या संशोधिकेने ते बारकाईने तपासले आणि १९९२ च्या 'पिक्चरिंग टाइम' या पुस्तकात निष्कर्ष मांडले. बऱ्याच तक्त्यांमध्ये मधले फोटो गायब आहेत आणि उरलेल्यांना सलग नंबर दिलेत. काही ठिकाणी वेगवेगळ्या वेळचे फोटो एका मालिकेत बसवलेत. काही कोनांच्या ओळी एकमेकींशी जुळतच नाहीत. म्हणजे अनेक तक्त्यांचा क्रम मायब्रिजने टेबलावर बसून "लावला" होता, जेणेकरून हालचाल सलग आणि देखणी दिसावी.

पुरावाही मायब्रिजच्याच हातचा आहे. छपाईआधी त्याने निगेटिव्हवरून निळे कच्चे प्रिंट काढले होते. सायनोटाइप, आपल्या ब्लूप्रिंटचाच प्रकार. ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहेत. कच्चा निळा प्रिंट आणि छापलेला तक्ता शेजारी ठेवले की काय कापलं, काय मोठं केलं, काय बदललं ते दिसतं. थोडक्यात, सोर्स कोडची जुनी आवृत्ती सापडली!

मग मायब्रिज लबाड होता का? मला तसं वाटत नाही. तो स्वतःला मुळात कलावंत समजायचा, आणि पानावर चित्रं कशी बसतील हा विचार त्याला आधी सुचायचा. तक्ते विकत घेणाऱ्यांत चित्रकार बरेच होते, त्यांना एकेका चौकटीतला देह हवा होता. त्यांचं यात काहीच नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते ज्याला हालचाल मोजायची होती त्याचं.

असा एक माणूस पॅरिसमध्ये होताच. एतियेन-ज्यूल मारे, शरीरशास्त्रज्ञ. योगायोग बघा, तोही १८३० चा. दोघांची आद्याक्षरंसुद्धा एकच, ई. जे. एम. (मायब्रिजचं जन्मनाव एडवर्ड जेम्स मगरिज.) १८७८ चे घोडे पाहून मारे खूश झाला होता, पण त्याला बारा कॅमेरे नको होते. १८८२ पासून त्याने एकच कॅमेरा, एकच काच आणि तिच्यापुढे फिरणारी खाचांची चकती अशी युक्ती केली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या कपड्यातला माणूस चालत जातो आणि एकाच काचेवर त्याच्या प्रतिमा ठराविक वेळेने उमटत जातात. इथे क्रम लावायला हाताला वावच नाही. जे जिथे उमटलं ते तिथे!

मात्र याचीही किंमत होती. माणूस हळू चालला की प्रतिमा एकमेकींवर चढून सगळा गिचमिड काला व्हायचा. म्हणून १८८३ मध्ये मारेने माणसाला नखशिखांत काळे कपडे घातले आणि हातापायांवर फक्त पांढऱ्या रेघा ठेवल्या. उमटला तो माणूस नव्हे, ग्राफ. मोजायला उत्तम, पण भिंतीवर लावायला कोण घेणार? मायब्रिजच्या कामावर देखरेख करणाऱ्या एकिन्सनेही पेनसिल्वेनियात स्वतःचे प्रयोग केले ते मारेच्याच चकतीने, यातच सगळं आलं.

मायब्रिज ८ मे १९०४ ला गेला, मारे १५ मेला. एका आठवड्याच्या फरकाने. जगाच्या लक्षात राहिला तो मायब्रिज.

मला यातून घ्यावीशी वाटणारी गोष्ट साधी आहे. जोडचित्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. एक, प्रत्येक चौकट स्वतःपुरतं जे सांगते ते. दोन, चौकटींचा क्रम जे सांगतो ते, म्हणजे यानंतर हे झालं, इतक्या वेळात झालं, याच्यामुळे झालं. पहिली गोष्ट कॅमेरा सांगतो. दुसरी लावणारा माणूस सांगतो, आणि आपण मात्र दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो. जिमच्या जाहिरातीतले आधी-नंतरचे दोन फोटो असोत की एखाद्या दंगलीचे चार फोटो जोडून फिरणारं चित्र असो, चौकटी सगळ्या अस्सल असूनही गोष्ट खोटी असू शकते. म्हणून अशा चित्रापुढे "हा फोटो खरा आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. क्रम कोणी लावला, मधलं काय गाळलं आणि मूळ फोटो कुठे आहेत, हेही विचारायला हवं. मायब्रिजचे निळे प्रिंट शाबूत राहिले म्हणून निदान आपण विचारू तरी शकलो.

आणि जाता जाता ती हलती 'जिफ' आठवा, ज्यात सॅली गार्डनर न थांबता धावतच राहते. तिच्यात फक्त अकरा चौकटी वापरल्या आहेत. बारावी घातली तर घोडी दर फेरीला गचकन थांबते, म्हणून ती काढून टाकली. म्हणजे मायब्रिजने घातलेली चौकट आपण काढली आणि आपला क्रम लावून मोकळे झालो. आपला क्रम कार्डावरच्या मजकुराला जास्त धरून आहे, हे खरं. पण बघणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं की एक चौकट गाळली आहे?