मॉर्मन मिशनरी आणि मराठी भाषा : एक विस्मृत प्रकरण

अर्वाचीन मराठी गद्याच्या इतिहासात परदेशी मिशनऱ्यांना मानाचे पान लाभलेले आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापून निघाले. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस उतरले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये याच भूमीत पटकीने मरण पावले. त्याच मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ पासून अहमदनगरास निघू लागले. ही नावे आपल्या वाङ्मयेतिहासांत वारंवार येतात. परंतु त्याच शतकाच्या मध्यावर मुंबई-पुण्यास येऊन सुमारे अडीच वर्षे झटलेल्या आणखी एका पंथाच्या प्रचारकांची नोंद आपल्याकडे सहसा घेतली जात नाही. तो पंथ मॉर्मन होय. त्यांच्या हातून मराठीची म्हणण्यासारखी सेवा घडली नाही, म्हणून हे मौन स्वाभाविकही आहे. तथापि ती का घडली नाही, हा प्रश्न शिक्षकाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा वाटतो. कारण त्याचे मूळ परदेशी निघणाऱ्या तरुणाच्या तयारीत सापडते.

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. १८४४ मध्ये जमावाने त्यांची हत्या केल्यावर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये यूटाच्या ओसाड खोऱ्यात त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसविली. वसाहतीला जेमतेम पाच वर्षे झाली असतील, तोच २८ ऑगस्ट १८५२ रोजी तेथे एक विशेष परिषद भरली. तीत जगाच्या निरनिराळ्या देशांस पाठवावयाच्या शंभराच्या आसपास पुरुषांची नावे वाचून दाखविण्यात आली. नऊ जण हिंदुस्थानासाठी आणि चौघे सयामसाठी नेमले गेले. हिंदुस्थानासाठी निवडलेल्या मंडळीत रिचर्ड बॅलंटाइन होते, ज्यांनी सॉल्ट लेक सिटीतील पहिली रविवारची धर्मशाळा १८४९ मध्ये चालू केली होती; आणि एमॉस मिल्टन मसर हा अवघ्या बावीस वर्षांचा तरुणही होता.

या मंडळींची तयारी कशी होती? शेतीवाडीची व्यवस्था लावणे, बायकामुलांस आप्तांच्या व सहधर्मीयांच्या स्वाधीन करणे, वडीलधाऱ्यांनी मस्तकी हात ठेवून दिलेला आशीर्वाद घेणे आणि निघणे, एवढीच ती तयारी. ख्रिस्ताने शिष्यांस थैली व झोळी न घेता जाण्यास सांगितले होते. ते वचन हे लोक अक्षरशः पाळीत. कॅलिफोर्नियातील सहधर्मीयांच्या देणग्यांतून जहाजाचे भाडे भागले आणि जानेवारी १८५३ च्या अखेरीस हे तेराही जण सॅन फ्रान्सिस्कोहून 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने निघून एप्रिलअखेर कलकत्त्यास पोहोचले. या निष्ठेपुढे मान लववावी लागते. परंतु ज्या देशात जावयाचे तेथील लोक कोणती भाषा बोलतात, त्यांचा समाज कसा बांधलेला आहे, त्यांस काय हवे आहे, या गोष्टींना त्या तयारीत स्थान नव्हते.

पश्चिम हिंदुस्थानातील कार्याचा आरंभ याच्या थोडा आधी, निराळ्या वाटेने झाला. इटलीत कार्य करणारे लोरेन्झो स्नो यांनी इंग्लंडमधून दोन प्रचारक हिंदुस्थानास पाठविले. विल्यम विल्स कलकत्त्यास गेले. दुसरे ह्यू फिंडले. हे मूळचे स्कॉटलंडचे, आणि इंग्लंडमधील हल परिसरातील पंथकार्याचे प्रमुख होते. सप्टेंबर १८५२ मध्ये ते मुंबईस उतरले, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. वृत्तपत्रांनी आणि अन्य ख्रिस्ती पंथांच्या धर्मगुरूंनी त्यांच्यावर झोड उठविली. अशातच २९ ऑगस्ट १८५२ रोजी, म्हणजे वर सांगितलेल्या परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी, मॉर्मन पंथाने बहुपत्नीकत्वाचे तत्त्व उघडपणे जाहीर केले. ही वार्ता हिंदुस्थानातील गोऱ्या समाजात पसरल्यावर प्रचारकांची वाट अधिकच बिकट झाली.

फिंडले मुंबईहून पुण्यास आले. तेथील छावणीत प्रवचने करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना मनाई केली, तेव्हा त्यांनी छावणीबाहेर बिऱ्हाड थाटले. पुण्यात मोजक्या माणसांची एक शाखा उभी राहिली. पुढे त्यांचे बंधू ॲलन हेही मुंबईस आले. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. हिंदुस्थानात आलेल्या बहुतेक मॉर्मन प्रचारकांनी इंग्रजीवरच भिस्त ठेवली असता फिंडले यांनी मराठीच्या अभ्यासास हात घातला, आणि १८५५ मध्ये हिंदुस्थानातील मराठ्यांना उद्देशून धर्मविषयक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. म्हणजे भाषेवाचून गत्यंतर नाही, हे त्यांना उमगले होते. परंतु उमगले तेव्हा वेळ उरला नव्हता. त्याच वर्षी ते हिंदुस्थान सोडून गेले, आणि १८५६ मध्ये रॉबर्ट स्केल्टन हे निघून गेल्यावर पंथाचे या देशातील पहिले पर्व संपले.

अपयशाची कारणे एकच एक नाहीत. गोऱ्या शिपायांमध्ये मिळविलेले अनुयायी पलटणीबरोबर दुसऱ्या ठिकाणी जात. शाळा नाही, स्वतःचा छापखाना नाही, पाठीशी पैसा नाही. शिवाय अनुयायाने यथावकाश यूटास येऊन राहावे, अशी त्या काळी पंथाची शिकवण होती. ज्या धर्माने देश सोडावयास सांगितले, त्याने देशात मूळ धरावे कसे? तरीही या सर्वांच्या मुळाशी असलेली उणीव भाषेचीच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शाळा काढण्यास, पुस्तक लिहिण्यास, दुसऱ्याचे दुःख जाणण्यास प्रथम भाषा लागते. आणि भाषेला वर्षे द्यावी लागतात.

हे विधान तपासून पाहण्यास आमच्या या बाजूचेच एक उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप हेही स्कॉटलंडचेच. त्यांचा जन्म १८१७ चा, म्हणजे फिंडले यांच्याहून ते पाच वर्षांनी वडील. विद्यापीठाचे आणि धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन ते निघाले, डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस पोहोचले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये भोसल्यांच्या नागपुरात आले. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. वऱ्हाड-नागपूरकडील खडक आणि जीवाश्म धुंडाळून रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोंडांची लिंगो-कथा त्यांनी ऐकून उतरवून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटाजवळ ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादून छापले, म्हणून ती कथा वाचली. आमच्या बालाघाट जिल्ह्यातील गोंड वस्त्यांत लिंगोचे नाव आजही पूज्य आहे. नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून उभे आहे.

धर्मांतराच्या हेतूबद्दल आपले मत काहीही असो, हिस्लॉप यांनी या भूमीला अठरा वर्षे दिली, आणि फिंडले यांना तीनही मिळाली नाहीत, हा फरक नजरेआड करता येत नाही. निष्ठा दोघांचीही होती. एकाच्या निष्ठेला अभ्यासाची आणि काळाची जोड मिळाली.

मॉर्मन पंथानेही पुढे हा धडा घेतला, असे दिसते. १९६१ मध्ये यूटातील प्रोव्हो येथे परदेशी जाणाऱ्या प्रचारकांना भाषा शिकविण्याची संस्था निघाली. आज अठरा वर्षांचा तरुण दोन वर्षांच्या सेवेसाठी निघतो, तेव्हा खर्चाची तरतूद त्याने व त्याच्या कुटुंबाने बहुधा आधीपासून केलेली असते. कोठे जावयाचे हे तो स्वतः ठरवीत नाही. नेमणुकीचे पत्र येते आणि त्यात देशाबरोबर भाषाही नेमून दिलेली असते. नवी भाषा शिकावयाची असल्यास प्रशिक्षणाचे काही आठवडे तीतच जातात. काही आठवड्यांत भाषेचा उंबरठाच ओलांडता येतो, हे खरे. परंतु १८५२ च्या त्या नऊ जणांना तो उंबरठाही कोणी दाखविला नव्हता.

या प्रकरणाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तिरोडीसारख्या सरहद्दीवरील गावी तो संबंध रोज दिसतो. येथे मँगनीजची खाण आहे. शाळेत आणि कचेरीत हिंदी, अनेक घरांत मराठी, आणि जिल्ह्याच्या रानपट्टीत गोंडी. येथील मुले शिक्षणासाठी आणि चाकरीसाठी नागपूर, पुणे आणि त्याहीपलीकडे जातात. त्यांना निरोप देताना आपण काय देतो? शिदोरी देतो, पत्ते देतो, आशीर्वाद देतो. यूटातील वडीलधाऱ्यांनीही तेच दिले होते. जेथे जावयाचे तेथील माणसांची बोली ऐकण्याचा सराव आणि ती शिकण्याची नम्रता मात्र शाळेलाच द्यावी लागते. ज्याने घरची मराठी नीट जपली आहे आणि शेजारची गोंडी तुच्छ मानलेली नाही, त्याला तिसरी भाषा परकी वाटत नाही, असा वर्गातील अनुभव आहे. मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी आपल्या विषयाकडे या दृष्टीनेही पाहावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.